खोटं निघालं तर?

शाळा सुरू होऊन आठवडा-दोन आठवडे झाले असतील. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली, मी वह्यांचा गठ्ठा उचलून निघाले, तर शिक्षकखोलीच्या दारात सहावीतली एक मुलगी उभी. आत येईना, जाईना. बुटाचं टोक उंबऱ्यावर घासत नुसती उभी. "काय गं?" म्हटलं. "बाई, एक सांगायचं होतं." "सांग की." "पण खोटं निघालं तर?" मला वाटलं कुणाची तरी चहाडी असणार, पेन्सिल चोरली, वेणी ओढली. म्हटलं, "निघू दे, सांग." तरी ती विचारतेच, "नाव लिहून घेणार का?" मग एकदाचं कळलं ते असं, की संगणकाच्या खोलीत जळल्यासारखा वास येतोय. गेले तर खरंच येत होता. खिडकीखालच्या एक्स्टेन्शन बोर्डाचा एक कोपरा तपकिरी पडून मऊ झाला होता आणि प्लग काढायला गेलं तर सोबत प्लॅस्टिकची तार निघत होती, जिलबीच्या पाकासारखी. शिपाईमामांनी मेन स्विच बंद केला, तो बोर्ड फडक्यात धरून मैदानात नेऊन टाकला, दोन शिव्या ठेकेदाराला हाणल्या. विषय संपला. वर्गाकडे जाताना मी तिला सहज विचारलं, वास कधीपासून येत होता?

"पहिल्या तासापासून."

म्हणजे हजेरी, तीन तास आणि डबा, एवढा वेळ ही पोर तो वास पोटात घेऊन बसली होती. तिच्या बाकावरच्या मैत्रिणीलाही आला होता. दोघींनी मिळून ठरवलं होतं की नको सांगायला. पंखा लावल्यावर वास कमी होतो का, हेही त्यांनी बघून घेतलं होतं. अकरा वर्षांच्या मुलींनी इतका शहाणा विचार करावा असं त्यांना कुणी शिकवलं, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नाही. खरं तर उत्तर मला ठाऊक आहे. आम्हीच शिकवलं. दर सोमवारी प्रार्थनेनंतर ध्वनिक्षेपकावरून शिकवलं.

गोष्ट एप्रिलमधली. आठवीच्या गणिताच्या पेपरचा दिवस. सकाळची शाळा, सातला मुलं येऊन बसलेली. सफाईच्या मावशी मुलांच्या मुतारीतून एक चिठ्ठी घेऊन आल्या. वहीचं फाडलेलं पान, निळं पेन. "आज गणिताच्या पेपरला बॉंम्ब फुटणार." एवढंच. मुख्याध्यापिका बाईंनी ती वाचली, मला दाखवली, आणि मी 'बॉंम्ब' हा शब्द बघितला मात्र, ते कुणाचं अक्षर हे मला कळलं. वर अनुस्वारही आणि खाली अर्धा 'म'ही. 'खांम्ब', 'लांम्ब', 'आंम्बा'. वर्षभर मी त्या मुलाच्या वहीत लाल पेनाने दोघांपैकी एक काढत आले होते. मराठीच्या शिक्षकांना हस्ताक्षरतज्ज्ञ लागत नाही. मी बाईंना तिथेच नाव सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, तरीही शाळा रिकामी करावी लागेल.

बरोबरच होतं त्यांचं. चिठ्ठी कुणाची हे कळलं म्हणून ती खोटी ठरत नाही, आणि हजारभर मुलांच्या जिवावर कुणी 'माझा अंदाज' म्हणून पैज लावत नसतं. ११२ ला फोन गेला. मग पुढचे तीन तास. मुलं दप्तरं वर्गातच टाकून मैदानात हजेरीच्या क्रमाने रांगेत. तिसऱ्या मजल्यावरून सात महिन्यांची गरोदर शिक्षिका कठडा धरून एकेक पायरी उतरतेय आणि मागे पाचवीची अख्खी तुकडी तिच्या गतीने थांबत थांबत, एकही धक्का न देता, हे दृश्य मी जन्मात विसरणार नाही. दुसरीतला एक मुलगा पाण्याची बाटली आत राहिली म्हणून हुंदके देत होता. त्याला बॉम्बचं काहीच नव्हतं, बाटली नवी होती. फाटकाबाहेर आया जमल्या, त्यांच्या हातात मोबाइल, मोबाइलवर पालकांचा ग्रुप, ग्रुपवर 'दोन बॉम्ब सापडले' इथपर्यंत मजल गेलेली. बॉम्ब शोधक व नाशक पथक आलं, श्वानपथक आलं. कुत्रा गाडीतून उतरला तेव्हा सहावी-सातवीची पोरं आनंदाने चक्क टाळ्या वाजवायला लागली. कुणाला दोष देणार? पेपर नाही, कुत्रा आहे, एप्रिल महिना आहे.

पोषण आहाराच्या शेडमध्ये ताईंनी नुकताच तांदूळ वैरला होता. गॅस बंद करून तसंच बाहेर या, असा निरोप गेला. पथकाने हिरवा कंदील दिला तेव्हा तो भात वर चिकट, आत कच्चा असा होऊन बसला होता. दोन मोठी पातेली. ताईंनी झाकण उघडून बघितलं, उलथन्याने एकदा उलटलं, आणि काही न बोलता दोन्ही पातेली कोपऱ्यात ओढून नेली. त्या दिवशी मुलांना खिचडी मिळाली नाही. आमच्याकडे अशी बरीच मुलं आहेत ज्यांचं सकाळचं पहिलं खाणं तेच असतं.

मुलगा अर्ध्या तासात कबूल झाला. त्याला आठवीत नापास होण्याची भीती होती. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले, पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली, पुनर्परीक्षेतही पास झाला नाही तर मूल त्याच वर्गात राहू शकतं. आधीची ढकलगाडी वाईट होती असं मीच वर्षानुवर्षं म्हणत आले, त्यामुळे या बदलाला मी नाव ठेवणार नाही. पण सातवीपर्यंत कधी पाय न अडलेल्या मुलाला एकदम उंबरा दिसला की तो काय करेल, याचा विचार कुणी केला होता असंही नाही. त्याने आपल्या परीने पेपर पुढे ढकलला. पुढे ढकललाच गेला म्हणा, सोमवारपर्यंत.

दिल्लीत याच कारणाने याहून मोठे प्रकार झाले. १ मे २०२४ ला एका सकाळी तिथल्या शंभराहून जास्त शाळांना धमकीचे ईमेल गेले. ते कुणी पाठवले हा वेगळा विषय. पण त्यानंतर साथ लागावी तसे ईमेल येत राहिले, आणि डिसेंबरमध्ये पोलिसांनी माग काढला तर काही ईमेल त्या त्या शाळेतल्या मुलांचेच निघाले. परीक्षा पुढे जावी म्हणून पाठवलेले. त्या मुलांचं समुपदेशन केलं, पालकांना समज दिली, सोडून दिलं. जानेवारी २०२५ मध्ये बारावीतला एक मुलगा सापडला, चारशेहून अधिक शाळांना गेलेले ईमेल त्याचे, असं पोलीस म्हणाले. चारशे शाळा! प्रत्येक शाळेचं एक मैदान, एक कुत्रा, एक रडणारा दुसरीतला मुलगा, कुठे कुठे एक भाताचं पातेलं. एवढा हिशोब पाठवणाऱ्याच्या डोक्यात येत नाही. चौदाव्या वर्षी तर येतच नाही. त्याच्या डोक्यात फक्त गणिताचा पेपर असतो.

आमच्याकडे पोलीस ठाण्यातून आलेल्या बाई साध्या सलवार-कमीजमध्ये होत्या. मुलाशी बोलायचं तर गणवेश नको, हा नियमच आहे. त्यांनी त्याला पाणी दिलं, शेजारी बसवलं. कलमं त्यांनी आम्हा मोठ्यांना समजावली. निनावी धमकीला भारतीय न्याय संहितेत ३५१ वं कलम आहे, शिक्षाही चांगली जोरदार आहे, पण मूल अठराच्या आतलं असलं की बाल न्याय कायदा. अशा प्रकरणात एफआयआर नाही, डायरीत नोंद, गरज पडली तर बाल न्याय मंडळ, आणि मंडळासमोरचे पर्याय म्हणजे समज, समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, असे. एवढ्यात मुलाचे वडील आले. टेम्पो चालवतात, भाडं अर्ध्यावर सोडून आलेले. आल्या आल्या त्यांनी त्याच्या कानाखाली अशी वाजवली की टेबलावरचा ग्लास हलला. पोलीस बाई मध्ये पडल्या. वडील त्यांनाच म्हणाले, "मॅडम, घेऊन जा याला. दोन दिवस आत ठेवा, म्हणजे कळेल." त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आम्ही मुलांना आत ठेवत नाही." वडिलांना ते खरं वाटलं नाही. आयुष्यभर त्यांनी मुलाला जी धमकी दिली तिच्यात पोलीसच दम नाही म्हणत होते.

तेव्हापासून मी कान देऊन ऐकू लागले की आपण मोठी माणसं दिवसभरात मुलांना किती खोट्या धमक्या देतो. जेवला नाहीस तर पोलीस येईल. तंगडं मोडून हातात देईन. बोर्डिंगात टाकीन. दाखला काढून घरी बसवीन. फळा पुसायच्या आत गप्प बसला नाहीत तर एकेकाला बघते, हे तर माझंच. यातलं काही आपण करत नाही, करणार नसतो, आणि मुलांनाही ते ठाऊक असतं. घराघरात हे इतकं सर्रास चालतं की त्याला धमकी म्हणावं असंही कुणाच्या मनात येत नाही. भीती घातली की काम होतं, एवढा धडा मात्र मूल त्यातून नीट शिकतं. आता याचा अर्थ त्या चिठ्ठीला आम्ही जबाबदार, असं मी म्हणत नाहीये. अशी सोपी गणितं मला आवडत नाहीत, आणि त्या दिवशी मलाही त्या मुलाचा राग आला होता. चांगलाच.

माझं लहानपण लातूरचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, अनंत चतुर्दशीची रात्र, मूर्ती विसर्जन करून माणसं नुकती झोपलेली. पुढचे कित्येक आठवडे आम्ही अंगणात सतरंजीवर झोपायचो. शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा ट्रक गेला तरी वर्ग उठून उभा राहायचा. अशात एके दुपारी मागच्या बाकावरचा एक मुलगा "भूकंप!" म्हणून ओरडला. मस्करीत. अख्खा वर्ग दाराशी कोंबला गेला, एका मुलीचा हात दाराच्या बिजागरीत सापडला, ती किंचाळली. सरांनी त्या मुलाला सगळ्यांसमोर छड्या मारल्या. हात लाल झाला तरी तो हसतच होता, कारण अख्खा वर्ग पळवण्याचा मान छड्यांनी काही कमी होत नाही. मजा पुढे आहे. दुसऱ्या दिवसापासून सरांनी आपली खुर्ची फळ्याजवळून उचलून दाराजवळ आणली आणि दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत तिथेच बसून शिकवलं. आम्ही कुणी हसलो नाही. आम्हीही दाराजवळचे बाक पकडायला लवकर यायचो.

खोट्या हाकेने काय होतं हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची नुसती ओरड झाली. साखळी ओढली, घाबरलेली माणसं खाली उतरली, शेजारच्या रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस येत होती. डझनभर माणसं गेली. आग नव्हतीच. म्हणून 'पोरगं आहे, जाऊ द्या' म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. आमच्या जिन्यात त्या दिवशी एकाने जरी धक्का दिला असता, तर मी हा लेख लिहीत बसले नसते.

संस्थेच्या बैठकीत दोन तास चर्चा झाली. एक विश्वस्त म्हणाले, दाखला हातात द्या. त्यांना सांगावं लागलं की शिक्षण हक्क कायद्याचं १६ वं कलम आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला काढू देत नाही. ते म्हणाले, म्हणजे नववीत असता तर काढता आला असता? हो, तसं सोपं गेलं असतं. मग ते उगाच चिडून घड्याळ बघत बसले. पालक संघाच्या एका ताईंनी मुलाचं नाव जाहीर करा म्हटलं. मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं, बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाखाली तो गुन्हा आहे, सहा महिने कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्हीही. सगळे एकदम आपापल्या मोबाइलकडे बघायला लागले, कारण नावच काय, त्याचा स्नेहसंमेलनातला फोटोसुद्धा ग्रुपवर कधीच फिरून झाला होता. मी म्हटलं, त्याच्या चिठ्ठीने ज्यांना त्रास झाला त्यांच्यासमोर त्याला बसवू, ते काय म्हणतात ते ऐकू दे. लगेच कुणीतरी म्हणालं, "म्हणजे काय बाई, तीनशे शब्दांचा निबंध?" सगळे हसले. पुण्यात कल्याणीनगरच्या त्या प्रकरणात, मे २०२४ मध्ये, अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन जीव गेल्यावर त्याच्या जामिनाच्या अटीत निबंध आला, आणि तेव्हापासून महाराष्ट्रात मुलांच्या बाबतीत मवाळ काही बोलायची सोय उरलेली नाही. मला त्या हसण्याचा राग आला नाही. निबंधाने भरपाई होत नाही हे मलाही कळतं. पण गाडीखाली माणूस मारणं आणि पेपर चुकवायला चिठ्ठी लिहिणं, दोन्हींना एकच माप लावायचं ठरवलं तर माझ्यापाशी बोलण्यासारखं काही राहत नाही.

माझी मावसबहीण नॅशव्हिलला असते. हे सगळं फोनवर सांगितलं तर तिने विचारलं, "मग अटक नाही केली?" तिथल्या कोव्हेनंट शाळेत मार्च २०२३ मध्ये गोळीबार झाला, तीन लहान मुलं आणि तीन मोठी माणसं गेली. त्यानंतर टेनेसी राज्याने असा कायदा केला की शाळेत सामूहिक हिंसेची धमकी दिली तर त्या मुलाला वर्षभर शाळा बंद, आणि २०२४ पासून ती धमकी थेट गंभीर फौजदारी गुन्हा. चिडून, गंमतीत बोललेल्या वाक्यांपायीही शाळकरी पोरं बेड्यांत गेली. बहीण आपल्या मुलाला रोज सकाळी दारात बजावते, 'मारून टाकीन' हे शब्द मराठीतसुद्धा तोंडातून काढायचे नाहीत. तो म्हणतो, आई, तू मला रोज म्हणतेस की! गंमत म्हणजे याच अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातल्या ड्युई कॉर्नेल या प्राध्यापकांनी शतकाच्या सुरुवातीलाच शाळांना दुसरी रीत घालून दिली होती. आधी विचारा, ही वेळेपुरती फुशारकी की खरा बेत? वेळेपुरती असेल तर समजूत, माफी, भरपाई. खरा बेत असेल तर पोलीस, डॉक्टर, सगळं. ऐकायला अगदी साधं आहे. पण विचारायला माणूस लागतो आणि त्याला वेळ लागतो. हजार मुलांमागे आमच्याकडे समुपदेशक एकही नाही. सूचना वाचायला मात्र ध्वनिक्षेपक आहे.

शेवटी बैठकीत मधलं काहीतरी निघालं. वडिलांकडून हमीपत्र, मुलाला समज, पेपर सोमवारी. माझ्या सूचनेला 'शिक्षकांनी आपल्या पातळीवर बघावं' अशी वाट मिळाली. आणि एक परिपत्रक: खोटी माहिती देऊन घबराट पसरवणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव लिहून घेतलं जाईल व कडक कारवाई होईल. दर सोमवारी वाचायचं. चिठ्ठी आठवीतल्या मुलाने लिहिली, परिपत्रक सहावीतल्या मुलीने मनावर घेतलं. ज्याला खोटं बोलायचंय तो परिपत्रकाला भीत नाही, तो पकडलं जायला भितो. ज्याला खरं सांगायचंय पण खात्री नाही, परिपत्रकाला तोच भितो. आणि जळका वास, जिन्यातला अनोळखी माणूस, मैत्रिणीच्या हातावरचे वळ, यांची खात्री कुठल्याच मुलाला नसते.

माझ्या पातळीवर मी एवढंच केलं. पेपर संपल्यावर त्या मुलाला पोषण आहाराच्या शेडकडे घेऊन गेले, त्याच्या आईला सांगून, तिच्यासमोर. तो मान खाली घालून उभा. मला वाटलं ताई रागावतील, किंवा समजूत घालतील. त्यांनी चवळी निवडता निवडता विचारलं, "तू जेवला होतास का रे त्या दिवशी?" तो नाही म्हणाला. "मीपण नाही," त्या म्हणाल्या, आणि सूप त्याच्याकडे सरकवलं. तो बसला, खडे काढायला लागला. त्याची आई थोडा वेळ उभी राहून मग तीही बसली. याने तो सुधारला का, मला ठाऊक नाही. आता नववीत आहे, गणितात काठावर पास झाला, आणि अजून 'खांम्ब' लिहितो.

बोर्डाच्या प्रकारानंतर मी परिपत्रकाखाली एक ओळ घालून घेतली. शंका आली तर लगेच सांगा, शंका चुकीची निघाली तर कुणी रागावणार नाही. विश्वस्त म्हणाले, मग रोज दहा जण येतील. आले. पंखा कुरकुरतो, मागच्या भिंतीला चीर आहे, प्रयोगशाळेत साप आहे (पट्टा होता), पाण्याच्या टाकीत काहीतरी मेलंय. शिपाईमामा माझ्यावर जाम उखडलेत. टाकीसाठी त्यांना भर पावसात गच्चीवर चढावं लागलं आणि आत निघाली एक चप्पल. "बाई, तुमची ती ओळ काढा आता," ते म्हणाले. मी त्यांना विचारलं, चप्पल टाकीत गेली कशी? झाकण कुणी उघडं ठेवलं होतं? मामा काही बोलले नाहीत. दुपारी नवं कुलूप आणायला पैसे मागायला आले.